सूचना : या महिन्याचा गेम ‘अनपॅकिंग’

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या कॉलवर भेटायचं आहे. गेम आहे ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या छोट्या स्टुडिओचा ‘अनपॅकिंग’ (२०२१).

खोकी उघडायची आणि सामान जागच्या जागी लावायचं, बस्स. १९९७ ते २०१८ या काळात एक मुलगी आठदा घर बदलते. ती स्वतः कधीच दिसत नाही, पण तिच्या कपबश्या, पुस्तकं, खेळणी लावता लावता तिची चांगलीच ओळख होते. २०१० च्या घरात तिच्या पदवीच्या प्रमाणपत्राला भिंतीवर जागाच मिळत नाही. ते शेवटी कुठे जातं, हे कृपया ग्रुपवर फोडू नका! हेडफोन लावूनच खेळा. वस्तू लाकडावर ठेवली की वेगळा आवाज येतो, फरशीवर वेगळा. चुकलेल्या वस्तूंभोवतीच्या लाल रेघेची कटकट वाटत असेल, तर सेटिंगमध्ये काहीही कुठेही ठेवायची मुभा आहे.

तीन-चार तास काढणं जमणार नसेल त्यांनी ‘अ शॉर्ट हाइक’ (२०१९) खेळून यावं. फोनला रेंज मिळावी म्हणून एक पक्षीण डोंगर चढते, एवढीच गोष्ट. सोनेरी पिसं मिळवत गेलं की आणखी उंच चढता येतं.

‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) मुद्दाम घेतलेला नाही. एरिक बरोन यांनी एकट्याने बनवलेला हा शेतीचा गेम भारीच आहे, पण एकदा शेती लागली की रविवारी कॉलवर कुणी फिरकत नाही.

येणाऱ्यांनी शनिवारपर्यंत कळवावं.