शेवटच्या सेकंदाचा निकाल पंचांनीच द्यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शहरातील एका शालेय बास्केटबॉल स्पर्धेत नुकताच जो वाद झाला, त्याबद्दल हे पत्र. एका गुणाने मागे असलेल्या संघातील मुलीने अगदी शेवटी मारलेला चेंडू रिंगमधून गेला. एका पंचाने दोन बोटे दाखवून गुण दिले, दुसऱ्याने छातीसमोर हात हलवून बास्केट रद्द केले, आणि मग दोघेही एकमेकांशी बोलायचे सोडून आपापल्या बाजूच्या प्रशिक्षकाची समजूत घालत राहिले. पालक मोबाइलवरचे चित्रण घेऊन कोर्टवर उतरले आणि अखेर आयोजकांपैकी एका पदाधिकाऱ्याने ध्वनिक्षेपकावरून निकाल जाहीर केला. निकाल कोणत्या बाजूने लागला याहीपेक्षा, तो ज्यांनी द्यायचा त्यांनी दिला नाही, हे मला अधिक गंभीर वाटते.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत याबाबत गोंधळाला जागा नाही. वेळ संपल्याचा हूटर वाजण्यापूर्वी चेंडू खेळाडूच्या हातातून सुटला असेल, तर तो नंतर रिंगमधून गेला तरी गुण धरले जातात. दोन पंच असतील तेव्हा हा शॉट पाहण्याची जबाबदारी मागे राहणाऱ्या ट्रेल पंचाची असते, कारण रिंगजवळच्या पंचाचे लक्ष तिथल्या झटापटीकडे लागलेले असते. एका पंचाने आपल्या अधिकारात दिलेला निर्णय दुसऱ्याने मोडीत काढायचा नसतो. तरीही मतभेद झालाच, तर सहपंच आणि टेबलावर बसून गुण व वेळ नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून अंतिम निर्णय मुख्य पंचाने (दोघांपैकीच एकाने) द्यायचा असतो. अशा वेळी ‘बास्केट धरायचे का?’ असे विचारून मत घेऊ नये. ‘हूटर वाजला तेव्हा चेंडू हातात होता का, आणि हे तुम्ही स्वतः पाहिले का?’ एवढेच प्रत्येकाला विचारावे. प्रेक्षकांच्या मोबाइलला यात स्थान नाही. रीप्लेची यंत्रणा वापरायची तर ती मुख्य पंचाने सामन्यापूर्वी मान्य केलेली असावी लागते. वेळ मोजण्यातील चूक पंचांनी सुधारली नाही असे ज्या संघाला वाटते, त्याच्या कर्णधाराला सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत मुख्य पंचाला कळवून आक्षेप म्हणून गुणपत्रकावर सही करता येते. दुर्दैवाने हे आपल्या अनेक कर्णधारांना कोणी सांगितलेलेच नसते.

मूळ अडचण टेबलावर आहे. टायमर, म्हणजे सामन्याचे घड्याळ चालवणारा, म्हणून आपल्याकडे बहुधा ऐनवेळी मिळेल त्या मुलाला बसवले जाते. चौथ्या सत्राच्या शेवटच्या २ मिनिटांत बास्केट झाल्यावर घड्याळ थांबवायचे, किंवा रिंगला लागलेला चेंडू आक्रमक संघालाच परत मिळाला तर शॉट क्लॉक (शॉट मारण्यासाठी उरलेला वेळ दाखवणारे घड्याळ) २४ ऐवजी १४ सेकंदांवर आणायचे, हे त्याला आधी शिकवायला नको का? बाहेरून आत दिलेला चेंडू झेलून शॉट मारायचा तर घड्याळात किमान ०.३ सेकंद उरलेला असावा लागतो, ०.२ किंवा ०.१ असेल तर केवळ टॅप (चेंडू न झेलता हाताने ढकलणे) किंवा डंक (चेंडू वरून थेट रिंगमध्ये टाकणे) चालतो. सेकंदाचे दशांशच न दाखवणाऱ्या घड्याळावर हा नियम पंचांनी लावायचा कसा?

गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत मुले-मुली रोज संध्याकाळी घाम गाळतात, त्यांच्यासाठी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. टायमर आणि शॉट क्लॉक सांभाळणारा माणूस प्रशिक्षित असावा, दशांश दाखवणारे घड्याळ असावे, आणि शेवटचा शॉट कोण पाहणार व सत्र संपल्याची खूण कोणती, हे पंच आणि टेबलावरील अधिकाऱ्यांनी प्रत्येक सामन्यापूर्वी एकत्र बसून ठरवावे. तसेच, निकालाबाबत ध्वनिक्षेपकावरून काहीही सांगायचे असेल, तर ते मुख्य पंचाच्या निर्णयानंतरच सांगावे.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, नाशिक