टॉवेल टाकणाऱ्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

हे पत्र हातात दिलं असतं तर तुम्ही ते न वाचताच ट्रॅकसूटच्या खिशात कोंबलं असतं आणि "ताई, त्याला उद्या सहाला पाठवा" म्हणाला असतात. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय पोराला बॉक्सिंगला घालावं की नाही या विचारात पडलेल्या नाशिकमधल्या दोन-चार आयांच्या नजरेस पडलं तर बरंच.

आमच्या घरात खेळ म्हणजे क्रिकेट, तेही सोफ्यावर बसून. धाकट्याने बॉक्सिंगचं नाव काढलं तेव्हा त्याचे आजोबा म्हणाले, पैसे देऊन मार खायला कशाला जायचं, गल्लीत फुकट मिळतो. तुम्ही फीचं "होईल तसं द्या" म्हणालात आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. तो पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढून यायचा, स्पर्धेच्या आठवड्यात बिनमिठाचं जेवायचा, आणि माझ्या वाट्याला यायच्या त्या हाताच्या पट्ट्या. घामाने आंबलेल्या, लांबच लांब. रात्री धुवून सिडकोतल्या आमच्या गॅलरीत दोरीवर टाकायच्या आणि वाळल्या की घट्ट गुंडाळून ठेवायच्या. मी उलट्या गुंडाळायचे. वेल्क्रोच्या टोकापासून सुरुवात करायची, म्हणजे अंगठ्यात अडकवायचा फास वर येतो, हे तुम्ही मला जिन्यात उभं राहून करून दाखवलंत.

पण आज आभार मानायचेत ते जो फ्रेझर या अमेरिकन मुष्टियोद्ध्याचे, आणि हार मान्य करून लढत थांबवायला प्रशिक्षक रिंगमध्ये टाकतो त्या टॉवेलचे.

बीजिंगचं ऑलिंपिक कांस्य मिळवलेला विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, २०१७ मध्ये मुंबईत वरळीला चिनी खेळाडूला हरवून गेला. त्याचे व्हिडिओ तुमची मुलं पुन्हा पुन्हा बघायची. सगळ्यांनाच व्यावसायिक व्हायचं होतं. हेडगार्ड नको, जर्सी नको, दहा-दहा फेऱ्या आणि कमरेला पट्टा. तुम्ही नको म्हणाला नाहीत. सराव संपला की मुलांना मॅटवर बसवून फ्रेझर सांगायला लागलात, रोज थोडा थोडा, कीर्तनकार आख्यान लावतो तसा. पोरांना न्यायला आलेल्या आम्ही आयाही चपला काढून मागे टेकायचो.

दक्षिण कॅरोलिनातलं गरीब शेतकऱ्याचं पोर. लहानपणी डुक्कर मागे लागलं, पडला, डावा हात दुखावला आणि उपचारांअभावी वाकडाच बसला, पुरता सरळ होईना. पुढे जगाने ज्याची धास्ती घेतली तो लेफ्ट हुक, म्हणजे डावा हात वाकवून बाजूने मारलेला ठोसा, याच हाताचा. फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला असताना टांगलेल्या मांसावर ठोसे मारायचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला बस्टर मॅथिस जायचा होता. तो जखमी झाला म्हणून फ्रेझरची वर्णी लागली. उपांत्य लढतीत डावा अंगठा मोडला, ते कुणाला न सांगता अंतिम लढत खेळला आणि सुवर्ण घेऊन आला. इथे मुलं हमखास टाळ्या वाजवायची. १९७० मध्ये जिमी एलिसला हरवून तो हेवीवेटचा निर्विवाद विजेता झाला. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने तोवर एकही लढत न हरलेल्या मुहम्मद अलीला पंधराव्या फेरीत त्याच डाव्या हुकने आडवं केलं आणि गुणांवर हरवलं. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले.

दुसऱ्या कुणी गोष्ट इथेच संपवली असती आणि पोरं छाती फुगवून घरी गेली असती. तुम्ही दुसऱ्या दिवशी १९७३ काढलंत. किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. सहाच्या सहा वेळा कसा पडला ते तुम्ही मॅटवर पडून दाखवलंत. कुणी हसलं नाही.

अलीचंही तुम्ही लपवलं नाहीत. लष्करात जायला नकार दिल्यावर त्याचा बॉक्सिंगचा परवाना गेला, तेव्हा त्याला पैशाची मदत करणारा आणि त्याला पुन्हा खेळू द्या म्हणून शब्द टाकणारा फ्रेझर होता. त्यालाच अलीने पुढे पत्रकारांसमोर गोरिला म्हणून हिणवलं. अली कितीही थोर असो, मला हे अजून पचत नाही.

आणि मग अली-फ्रेझरची मनिलाची लढत, १ ऑक्टोबर १९७५. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत तिथल्या सकाळी पावणेअकराला लावलेली, छपराखाली नुसती भट्टी. फ्रेझरच्या डाव्या डोळ्याला मोतीबिंदू, तो त्याने वर्षानुवर्षं लपवलेला. उजवा डोळा मार खाऊन सुजला आणि मिटला. तेराव्या-चौदाव्या फेरीत अलीचे ठोसे त्याला दिसतच नव्हते. फक्त एक फेरी उरली होती, आणि त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझर स्टुलावरून उठू बघत होता, फच यांनी त्याला उठू दिलं नाही. पलीकडे अलीची अवस्था अशी, की जिंकल्यावर तो रिंगमध्येच कोसळला. म्हणून लोक अजून वाद घालतात, की फच यांनी तीन मिनिटं कळ काढली असती तर? तिन्ही पंचांच्या कागदावर अली पुढे होता, हे तुम्ही सांगितलंत. पण लगेच म्हणालात, "नसता तरी त्यांनी तेच केलं असतं." रिंगमध्ये जीव गेलेले मुष्टियोद्धे फच यांनी पाहिले होते. तरुणपणी डेट्रॉइटला, पुढे जगज्जेता झालेल्या जो लुईसबरोबर सराव करणारे हे गृहस्थ स्वतः व्यावसायिक होणार होते, पण तपासणीत हृदयाचा दोष निघाला आणि ते राहूनच गेलं.

मला वाटलं होतं, तुम्ही हे सगळं मुलांसाठी सांगताय. त्या स्पर्धेच्या दिवशी कळलं, की आम्हा पालकांनाही तयार करत होतात.

दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि धाकटा पुढे होता. दुसऱ्या फेरीत कानामागे एक बसला, पण तो पडला नाही. बेल वाजली आणि क्षणभर तो समोरच्याच्या कोपऱ्याकडे चालायला लागला. पंचांनी त्याला वळवलं. मला वाटलं, गडबडीत झालं असेल. तुम्ही त्याच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलंत, काहीतरी विचारलंत, आणि तिसऱ्या फेरीची बेल वाजायच्या आत टॉवेल रिंगमध्ये पडला. सभागृहात शिट्ट्या. मागून कुणीतरी ओरडलं, "सरच घाबरले!" धाकट्याने तुमच्या हातातली बाटली झिडकारली. तुम्ही ती उचललीत, त्याच्या हातांच्या पट्ट्या सोडवल्यात आणि मला म्हणालात, "ताई, रिक्षा नको, माझ्या गाडीतून जाऊ."

डॉक्टरांनी मेंदूला हादरा बसल्याचं सांगितलं. यावर आणखी एक ठोसा बसला असता तर, असं मी विचारू लागले तेव्हा ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान ३० दिवस रिंगबंदी असते. धाकटा तर स्वतःच्या पायांवर चालत बाहेर आला होता. तरी तुम्ही त्याला पुरे ३० दिवस बसवलंत, वर डॉक्टर "हो" म्हणेपर्यंत आणखी. तो तुमच्याशी धड बोलत नव्हता, पण मॅटवर रोज येऊन बसायचा. मग एक दिवस जेवताना आपणहून म्हणाला, फ्रेझर व्यावसायिक कारकिर्दीत चारच लढती हरला, दोन अलीकडून, दोन फोरमनकडून. ३२ जिंकला. पुढे फिलाडेल्फियातल्या स्वतःच्या जिममध्ये पोरांना शिकवत राहिला, २०११ पर्यंत जगला. "आई, फचने थांबवलं नसतं तर?" मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

आता तो पुन्हा खेळतोय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. व्यावसायिक व्हायचं खूळ डोक्यातून गेलेलं नाही. मी अडवत नाही. एवढंच बजावून ठेवलंय, की करारावर सही करायच्या आधी तुझ्या कोपऱ्यात कोण उभं राहणार त्याचं नाव मला सांगायचं, आणि त्या माणसाला मी एकदा भेटणार.

या रविवारी जेवायला या. पुरणपोळी करणार आहे. जवळपास कुठली स्पर्धा नाही, तेव्हा कुणाला वजनकाट्यावर उभं राहायचं नाही आणि तूप मी मोजून वाढणार नाही.

तुमच्या एका विद्यार्थ्याची आई,
सिडको, नाशिक