‘वही खाली ठेव’ म्हटल्यावर

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

बदली मेळघाटातल्या धारणी तालुक्यात झाल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. पहिली-दुसरीचा जोडवर्ग, बहुतेक मुलं कोरकू आदिवासी, काही गवळी, दोन-तीन बलई समाजाची, आणि तू वाढलास साताऱ्याकडे. ‘मुलं बोलतील तरी का’ असं विचारलं आहेस. भरपूर बोलतील, फक्त सुरुवातीला मराठीत नाही. गप्प बसलेल्या मुलाला मठ्ठ समजू नकोस. तुझं वाक्यच त्याच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

आधी कोरकूबद्दल सांगतो, कारण मुलांच्या चुका कुठून येतात ते त्यावरूनच समजतं. ही मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीची नातलग. मराठीच्या कुळाशी तिचा संबंध नाही, गोंडीच्याही नाही. पाणी म्हणजे डा, वाघ म्हणजे कुला, एक-दोन म्हणजे मिया-बारिया. उच्चार मुलांकडूनच दुरुस्त करून घे. गुरुजींना शिकवायची संधी मिळाली की लाजरी पोरंही पुढे सरकतात. कोरकूत नामांचे गट सजीव-निर्जीव असे पडतात, तो-ती-ते असे नाहीत. त्यामुळे ‘मोठा मुलगी आला’ ऐकलंस की तो निष्काळजीपणा समजू नकोस. तीन लिंगं आणि त्यांच्यामागे फिरणारी विशेषणं-क्रियापदं हे सगळंच त्या मुलाला नवं आहे. उलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक ते चटकन पकडेल, कारण ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून असे दोन वेगळे शब्द त्याच्या भाषेतही आहेत. दोनासाठीही वेगळं रूप आहे: माणूस एक असला तर कोरो, दोन असले तर कोरोकिंग, पुष्कळ असले तर कोरकू.

बाजारातली भाषा हिंदी. त्यामुळे मराठी बऱ्याच मुलांची तिसरी भाषा असते आणि ती हिंदीच्या कानाने ऐकली जाते. तू म्हणशील ‘वही खाली ठेव’, मूल वही कोरी ठेवेल आणि तुला वाटेल ऐकत नाही. ‘शिक्षा’, ‘राग’, ‘चेष्टा’ हेही असेच फसवे शब्द. त्यांची यादी भिंतीवर लाव आणि पहिल्या महिन्यात ‘खाली’ म्हणताना हाताने जमीन दाखव.

पहिले सहा आठवडे अक्षरओळखीची घाई करू नकोस. ज्या शब्दाचा अर्थच माहीत नाही तो फोडून वाचला तरी हाती काही लागत नाही. रोज पाच-सहा शब्द पुरेत, तेही हातात धरता येणाऱ्या वस्तूंचे आणि करून दाखवता येणाऱ्या क्रियांचे. ऊठ, बस, दार लाव, दगड उचल, दगड ताईला दे. आधी तू बोलून स्वतः कर, मग मुलांबरोबर कर, मग नुसतं बोल आणि बघ. मुलांनी तोंडाने उत्तर द्यायलाच हवं असं नाही, केलं म्हणजे कळलं. आठवड्याअखेरीस त्याच शब्दांची वाक्यं फिरवून घे.

गोष्ट मात्र कोरकूतच सुरू होऊ दे. गावातली एखादी आजी, अंगणवाडीच्या ताई किंवा पाचवीतली मुलगी, कोणीही सांगेल. तू फळ्यावर चार चौकटींत चित्रं काढ. मग मुलं जे बोलतील त्यातलं एक वाक्य कोरकूतच देवनागरीत लिही, त्याखाली दुसऱ्या रंगाच्या खडूने मराठी. आपलं बोलणं फळ्यावर उमटतं हे दिसलं की वाचन म्हणजे काय ते मुलाला पहिल्यांदा कळतं. दुसऱ्या दिवशी त्याच चित्रांवरून मराठीत बोलायचं.

इथे एक चूक बहुतेक नवे शिक्षक करतात. वाक्य मराठीत म्हणायचं आणि लगेच मोठ्या मुलाकडून कोरकूत वदवून घ्यायचं. आठ दिवसांत मुलं मराठी ऐकणंच सोडतात, कारण पाठोपाठ कोरकू येणार हे त्यांना माहीत असतं. त्यापेक्षा वेळ वाटून घे: तासाची पहिली दहा मिनिटं विषय कोरकूत उलगडायचा, मग वीस मिनिटं मराठी, अडलं तरच एखादा शब्द मागायचा.

प्रश्न विचारलास की मनात पाचपर्यंत मोज, आधी शेजाऱ्याशी कोरकूत कुजबुजू दे, मग उत्तर घे. ‘मोठा मुलगी आला’ म्हटलं तर थांबवू नकोस. ‘हो, मोठी मुलगी आली’ एवढं म्हण आणि पुढे जा. एकसुरात वाचन ऐकून समाधान मानू नकोस, त्या सुरात दहा जण नुसते ओठ हलवत असतात. कळलं का ते चित्रावर बोट ठेवायला लावून तपास.

गणितात सगळ्यात जपायचं. ‘बारापैकी पाच आंबे विकले, किती उरले?’ हे आलं नाही तर लगेच १२ − ५ अंकांत लिहून दे. ते आलं, तर मुलाला वजाबाकी येते, अडतंय ते ‘पैकी’ आणि ‘उरले’ इथे. नोंदवहीत या दोन गोष्टी वेगळ्या लिही, नाहीतर गणितात हुशार पोर कच्च्यांच्या रांगेत बसतं. पैकी, पेक्षा, प्रत्येकी, उरले हे चार शब्द चिंचोके हाताळत शिकव. बारा चिंचोके मांडायचे, पाच बाजूला सारायचे, हात त्या पाचांवर ठेवून म्हणायचं ‘बारापैकी पाच’. मग उरलेल्यांवर हात. आठवडाभर रोज.

संख्यांची मराठी नावंही अवघड. पंचवीसमध्ये पाच आधी येतो पण लिहिताना दोन आधी, आणि एकोणतीसमध्ये नऊ कुठे ऐकूच येत नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन दिलं तेव्हा बराच गदारोळ झाला, पण अशा वर्गात ते खरोखर उपयोगी पडतं. आधी वीस-पाच, दहा-दहा चिंचोक्यांच्या दोन माळा आणि पाच सुटे समोर ठेवून. ते पक्कं झालं की पंचवीस.

वर्गात कोरकू बोलायला बंदी घालू नकोस, कोणी सांगितलं तरी. शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम २९ मध्येच आहे. पण सगळं लक्ष कोरकूकडेच गेलं तर गवळी आणि बलई मुलं कोपऱ्यात पडतील. शब्दभिंतीवर त्यांच्या घरचेही शब्द हवेत.

होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. पोरं फगवा म्हणजे होळीचे पैसे मागत फिरतात, त्या आठवड्यात नवा पाठ काढू नकोस, चाचणी तर मुळीच नको. कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबं कोणती आणि कधी निघतात ते दिवाळीपूर्वीच विचारून ठेव. पालकसभा संध्याकाळी घे, आणि बाजारच्या दिवशी नको.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधीच जा आणि अंगणवाडीच्या ताईंना भेट. पहिल्या आठवड्यासाठी निवडलेले तीस शब्द मला लिहून पाठव, कोरकू शब्दांसकट.

तुझा,
प्रकाश