जैसलमेरला गेलेल्या मित्रास पत्र

सोलापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय संजय,

तुझा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो, त्या गडबडीत धड बोलणं झालं नाही. तू जैसलमेरच्या बाजूला विजेच्या ट्रान्समिशन लाइनच्या कामावर रुजू झालास हे ऐकून फार बरं वाटलं. काकूंनी तर गल्लीभर पेढे वाटले. पण बोलता बोलता तू म्हणालास, "इथं काय, नुसता माळ. नजर जाईल तिथवर काही नाही." ते तेव्हापासून मनात घोळतंय. फोनवर एवढं सगळं सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

संजय, तू ज्याला नुसता माळ म्हणतोस, तिथं जगातले बहुतेक सगळे माळढोक पक्षी उरलेत. आता सगळे मिळून दीडशेसुद्धा नाहीत. १९६९च्या सुमाराला देशात बाराशेच्या वर असतील असा अंदाज होता. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. कच्छमध्ये नलियाच्या बाजूला मोजक्या माद्या राहिल्या, नर उरलाच नाही. आणि आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला गेल्या काही वर्षांत कधी तरी एखादी मादी दिसल्याची बातमी येते, तेवढंच.

आपण सातवी-आठवीत असताना अप्पांनी आपल्याला नान्नजला नेलं होतं, आठवतं? पावसाळ्याची सुरुवात होती, गवत घोट्याएवढं. लांबवर पांढरं काहीतरी हललं आणि तुला ती मेंढी वाटली. तो नर होता. गळ्याखालची पिशवी फुगून पार खाली लोंबत होती, शेपटी पाठीवर उलटी चढवलेली, आणि तसाच तो दिमाखात संथ पावलं टाकत होता. अप्पा म्हणाले, "गप, ऐक." वारा आपल्याकडं वळला तेव्हा तो हुंकार ऐकू आला, छातीत घुमल्यासारखा. पंधरा किलोपर्यंत भरणारा, मीटरभर उंच पक्षी. मादीला तो लांबून दिसावा, ऐकू यावा, म्हणून त्याला मोकळा माळ लागतो. मादी उघड्या जमिनीवरच अंडं घालते, सहसा एकच. त्याचा रंग मातीत आणि वाळल्या गवतात असा मिसळतो की पायाशी असलं तरी दिसत नाही. जवळजवळ महिनाभर ती एकटीच उबवते. गाय-म्हैस अगदी अंगावर आली तर पंख पसरून उभी राहते, तिला हुसकून लावते. पण कुत्र्यापुढं आणि ट्रॅक्टरपुढं तिचं काय चालणार?

आपल्याकडचे माळढोक का गेले, हे विचारलं की लोक शिकारीवर बोट ठेवतात. शिकार झालीच, बेसुमार झाली. पण बंदुका थांबल्यावरही ते कमीच होत गेले, आणि मला वाटतं मुख्य घाव त्यानंतरच बसला. सत्तरच्या दशकात दुष्काळी भागासाठीच्या योजनेतून वनखात्यानं नान्नजला काही तुकडे राखले. चराई आटोक्यात आली, पवन्या, मारवेल ही गवतं वाढली, टोळ-नाकतोडे वाढले, आणि माळढोक तिथं विणायला लागले. १९७९ साली अभयारण्य झालं, ८४९६ चौरस किलोमीटरचं! त्यात सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातली गावंच्या गावं, शेतं, रस्ते, बाजारपेठा सगळंच आलं. खरा माळ त्यातला थोडा. बाकी ठिकाणी शेतकऱ्याच्या जमिनीच्या व्यवहारांना खीळ बसली आणि त्याचा राग पक्ष्यावर निघाला. तो राग मी नावं ठेवण्यासारखा मानत नाही. पुढं हद्द कमी करत करत १२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणली, पण तोवर गावागावांत माळढोक म्हणजे कटकट असं होऊन बसलं होतं. मध्य प्रदेशात करेराला हेच झालं होतं. तिथं तर काळवीट वाढले, पिकं खाल्ली, लोक चिडले आणि माळढोक कायमचे गेले.

त्यातच उजनीचं पाणी आलं. जिथं ज्वारी, करडई, हरभरा व्हायचा तिथं ऊस उभा राहिला. ज्वारीच्या रानात माळढोक फिरायचा. धाटांत किडे टिपायचा, कापणीनंतरच्या मोकळ्या रानात हरभरा, भुईमूग वेचायचा. उसात तो काय करणार? डोक्यावरून गेलेलं पीक म्हणजे त्याच्यासाठी भिंत. उसात सोय झाली ती रानडुकराची. २०२०च्या डिसेंबरात करमाळ्यात बिबट्यानं माणसं मारली, लोक दारं लावून बसले, शेवटी त्याला गोळी घालावी लागली. आपल्या लहानपणी करमाळ्यात बिबट्या म्हटलं असतं तर लोक हसले असते. उसाच्या फडात त्याला लपायला जागा मिळते. माळ मोडला म्हणून सगळेच प्राणी संपतात असं नाही. एक जातो, दुसरा येतो, आणि जो येतो त्याच्याशी कसं राहायचं हे गावाला ठाऊक नसतं.

आणि झाडं! याबद्दल बोललं की लोक माझ्याकडं वेड्यासारखं बघतात. मोकळा माळ दिसला की आपल्याला तो पडीक वाटतो, मग तिथं गिरिपुष्प लावा, सुबाभूळ लावा. २०१९ला राज्यात तेहतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. झाडं लावावीत, रस्त्याच्या कडेला लावावीत, ओढ्याकाठी लावावीत. पण माळावर चर खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की गवत सावलीत बसतं, चंडोल जातात, धाविक पक्षी जातो, खोकड बीळ सोडते. गवत कर्ब साठवतं ते बहुतांशी जमिनीखाली, मुळांत, म्हणून वरून ते दिसत नाही. हवामान बदलावर उपाय म्हणून आपण हजारो वर्षांचा गवताळ माळ खणतो, आणि हे मला फार लागतं.

पावसाचं तर तुला सांगायला नको. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडणार, पण तो विभागून पडायचा. आता जून-जुलैत तोंड दाखवत नाही आणि मग एका रात्रीत कोसळतो. २०२०च्या ऑक्टोबरात पाहिलंस. यंदा सप्टेंबरात सीना नदीला जो पूर आला, त्यानं मोहोळ-माढ्याकडं उभी पिकं गेली, जनावरं गेली. माझ्या वर्गातल्या काही मुलांची घरं पाण्यात होती, वह्या-पुस्तकं गोळा करून द्यायच्या कामात मी अजून आहे. माणसाचं हे, तर जमिनीवर अंडं घालणाऱ्या पक्ष्याचं काय? माळढोकाची वीण पावसाशी बांधलेली. पहिल्या पावसानं गवत फुटतं, किडे येतात, पिल्लाला खाणं मिळतं. पाऊस लांबला तर किडे नाहीत, धो धो पडला तर खोलगटातलं अंडं गेलं. माळ मोठा होता तेव्हा इकडं बिघडलं तर पक्षी उडून तिकडं जायचे. आता तिकडं म्हणजे कुठं? हवामान पूर्वीही लहरी होतं, दुष्काळ तर आपल्या पाचवीलाच पुजलेले. पण तेव्हा पक्ष्याला सरकायला जागा होती.

आता तुझ्याकडं येतो. तू वाईट काम करतोयस असं मी मुळीच म्हणत नाही. कोळसा जाळण्यापेक्षा सूर्याची वीज शंभर पटींनी बरी, हे मी मुलांना शिकवतो. पण ती वीज न्यायच्या तारा नेमक्या गोडावणच्या वाटेवर आल्यात. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, समोरचं त्याला फार थोडं दिसतं. उडताना तो खाली जमीन न्याहाळत असतो. तार दिसते तेव्हा इतकी जवळ असते की एवढ्या वजनाचं धूड वळवता येत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं अंदाज काढला की थरच्या वाळवंटात वर्षाला अठराच्या आसपास माळढोक तारांवर आपटून मरतात. एकूण दीडशेच्या आत, मादीला वयात यायलाच दोन-तीन वर्षं, अंडं एक, आणि वर्षाला अठरा गेले, तर किती दिवस पुरतील हे तूच मांडून बघ.

२०२१च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. २०२४च्या मार्चमध्ये तो सरसकट आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. एवढ्या मोठ्या प्रदेशात सगळ्याच तारा गाडणं जमणारं नाही, हे तू मला सांगशील आणि ते मला पटेल. पण जिथं जमतं तिथं तरी व्हावं. सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत पिल्लं वाढवतायत, २०२४च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. ती पिल्लं उद्या सोडायची ती कुठं? त्याच तारांत?

एवढंच कर. तुझ्या लाइनवर बर्ड डायव्हर्टर, त्या फिरत्या चकत्या, नकाशावर आहेत की खरोखर तारेला आहेत ते बघ. लावल्या असतील तर वाऱ्यावादळात किती टिकल्या आणि कोण तपासतं ते विचार. ओरण जिथं येतं तिथं रेषा वळवता येते का, हे तुझ्या साहेबांपुढं मांड. आपली देवराई तशी त्यांची ओरणं, देवाच्या नावानं राखलेली कुरणं. देगराय मातेच्या ओरणातही तारा गेल्यात. तिथले उंट आणि मेंढ्या चारणारे लोक तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त जाणतात. गोडावण कुठून उठतो, कुठं उतरतो, तलावावर कधी येतो, त्यांना विचार, त्यांच्याजवळ बस. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जिथं पोचलं तिथं काय झालं, तेही ते सांगतील. ऐकताना तुला उजनी आठवेल.

तारेखाली पक्षी पडलेला दिसला तर लपवू देऊ नकोस. वनखात्याला कळव, फोटो काढ, खांबाचा नंबर टिपून ठेव. नोकरी जपून जेवढं करता येईल तेवढं कर, जिवावर उदार हो असं मी म्हणत नाही. घरी दोन मुलं आहेत याची मला कल्पना आहे. पण त्या कामावर आपल्याकडचा, नान्नज पाहिलेला माणूस असणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

दिवाळीला येतोयस ना? आलास तर एक दिवस मोकळा ठेव, वडाळ्याच्या बाजूला वनखात्यानं गिरिपुष्प काढून गवत वाढवायला घेतलंय असं ऐकलंय, जाऊन बघू. येताना तिकडच्या शेवण गवताचं मूठभर बी मिळालं तर आण, मुलांना दाखवायचंय. अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात करायचं म्हणतायत, त्याची काळजी करू नकोस, मी आहे. वहिनींना नमस्कार सांग, पोरांना गोड पापा.

तुझा,
रमेश