गडग्याला घासलेला आरसा

जामसंडे, ता. देवगड
18 जानेवारी 2026

प्रिय सुनील,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर बोललास ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. तुमच्या गाड्यांच्या कारखान्यातली तिसरी पाळी बंद झाली, कंत्राटी पोरं घरी बसली, तुझ्या खात्यातले दोघे दुसरी नोकरी बघतायत. आणि वरची मंडळी म्हणतात, मोठी एसयूव्ही काढल्याशिवाय आता तरणोपाय नाही. समोर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तेव्हा मला धड बोलता आलं नाही. आज रविवार, गॅरेज बंद. कलमांना मोहोर बरा आलाय, फवारणी सकाळीच उरकली. आता निवांत लिहितो.

मला वाटतं, तुमची कंपनी तगायची असेल तर तिने साधी गाडी काढावी. ती आमच्यासारख्या गावातल्या गॅरेजमध्ये दुरुस्त व्हावी आणि बागायतदाराला सोसायटीचं कर्ज बुडवल्याशिवाय घेता यावी.

गेल्या महिन्यात मिठमुंबरीकडचे एक काका आले. गाडी दोन वर्षांची, चकचकीत. त्यांच्या घराकडे जाणारी पाणंद तू बघितली नसशील, पण तशा शंभर बघितल्यास: दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा गडगा, मध्ये गाडीपुरती जागा. समोरून टेम्पो आला, काकांनी गाडी डावीकडे दाबली आणि आरसा गडग्याला घासून तुटला. वायरीला लोंबकळत होता. पूर्वी मी काच कापून आणून चिकटवली असती, तासाभरात काका घरी. पण ह्या आरशात मोटर, इंडिकेटर आणि खाली कॅमेरा. नुसती काच मिळत नाही, सगळा संच घ्यावा लागतो. तो कोल्हापुरातून यायला अकरा दिवस लागले. अकरा दिवस काका तो आरसा सुतळीने बांधून फिरत होते. बिल बघून गप्प बसले. मग म्हणाले, "माका मागचा दिसला म्हणजे झाला रे. ह्यो टीव्ही माका कित्याक?"

त्या दिवशी मला लोगान ही गाडी आठवली. रेनॉ या फ्रेंच कंपनीने 1999 साली रुमानियातली डाचिया ही गाड्यांची कंपनी विकत घेतली. कारखाना जुना, गाड्या जुनाट. रेनॉचे प्रमुख लुई श्वायत्झर यांनी 5000 युरोची गाडी मागितली आणि 2004 साली लोगान आली. तिचे आरसे डावे-उजवे एकच होते, सुन्या! एकच भाग, कुठल्याही बाजूला बसवा. पुढची काच कमी वळणाची, म्हणजे करायला स्वस्त. डॅशबोर्ड एका साच्यातून एकसंध निघणारा. इंजिनं रेनॉची आधीचीच, त्यांचा खर्च कधीच वसूल झालेला. हातात असलेल्या गोष्टी नीट वापरल्या, बस. गाडी पूर्व युरोपातल्या गरजवंतांसाठी केली होती, पण वर्षभरात फ्रान्समधले लोकच ती मागायला लागले. ज्या डाचियाला कोणी विचारत नव्हतं, तिच्या जिवावर पुढे रेनॉने पैसा कमावला. साध्या गाडीत नफा नसतो असं तुमचे साहेब म्हणतात ना, त्यांना हे सांग.

हीच गाडी 2007 साली महिंद्राबरोबर नाशिकला बनायला लागली, तेव्हा आपल्याकडे मात्र जमलं नाही. लांबी चार मीटरच्या वर, त्यामुळे कर जास्त, किंमत चढली. लोकांनी तिला टॅक्सी करून टाकलं. पुढे तिचं नाव व्हेरिटो झालं. पण आमच्याकडच्या टॅक्सीवाल्यांना विचार, त्या गाडीने किती चाकरमानी गणपतीला घरी आणून सोडले ते. मी स्वतः तशा गाड्यांची इंजिनं उघडली आहेत. हात घालायला जागा असायची, पाना फिरायचा. आज ऑइल फिल्टर काढायलाही आधी खालचं प्लास्टिक आणि मग अर्धा बंपर सोडवावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 1934 साली सित्रोएन ही फ्रेंच गाडी कंपनी दिवाळखोरीत गेली, मिशलँ या टायरवाल्यांनी ती ताब्यात घेतली. त्यांचे वरिष्ठ अधिकारी पिएर बुलांजे यांनी इंजिनियरांना सांगितलं, की दोन शेतकरी आणि 50 किलो बटाटे घेऊन ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी करा, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. मध्ये महायुद्ध आलं, ती गाडी, टू सीव्ही, 1948 साली लोकांसमोर आली आणि 1990 पर्यंत बनत राहिली. अंड्यांच्या जागी हापूस ठेवून बघ. पाच डझनी दहा पेट्या, कातळावरची वाट, आणि तळेबाजारपर्यंत एकाही फळाला डाग नको. तुझ्या टेबलावर असा कागद कधी कोणी ठेवलाय का?

आमच्याकडे हे काम मारुतीच्या ओम्नीने केलं. सरकता दरवाजा, सपाट फरशी, 796 सीसीचं इंजिन, ते गावातला कुठलाही पोरगा खोलायचा. 2019 साली ती बंद झाली. अपघाताच्या नव्या चाचण्यांत ती टिकणारी नव्हती आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसाचा जीव पेट्यांपेक्षा मोठा. म्हणूनच साधेपणाच्या नावाखाली पत्रा पातळ केलेला मला चालणार नाही. 2014 साली डॅटसन गो आली, स्वस्त होती, ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या अपघात-चाचणीत तिला शून्य तारे मिळाले. 2022 साली आपल्याकडून डॅटसनच गेली. एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा), मजबूत सांगाडा यांतला एक रुपया कापू नका. कापायचं तर पडद्यात कापा, दारावरच्या दिव्यांत कापा, बारा रंगांच्या बारा व्हेरियंटांत कापा.

नॅनोचं मला आजही वाईट वाटतं. 2008 साली दाखवली तेव्हा मालवणला आपल्या ओळखीच्या दोघातिघांनी पैसे साठवायला घेतले होते. बंगालमधल्या सिंगूरहून कारखाना गुजरातेत साणंदला न्यावा लागला हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. ती सगळ्यात स्वस्त म्हणून गाजली आणि दारात गरिबीची पाटी कोणाला लावायची असते? रतन टाटांनी स्वतः पुढे हे मान्य केलं होतं. शिवाय 2015 पर्यंत तिची डिकी बाहेरून उघडत नव्हती. आमच्या माणसाने पेट्या घालायच्या कुठून?

आणि विक्रीचं. अमेरिकेतली क्रायस्लर ही गाडी कंपनी बुडत होती, तिथल्या सरकारने 1980 च्या सुरुवातीला कर्जाला हमी दिली. कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांनी के-कार आणली, साधी, सहा माणसं बसणारी. पण सुरुवातीला शोरूममध्ये पाठवल्या त्या सगळ्या वरच्या सुविधांनी लादलेल्या. लोक किंमत बघून परत फिरले. मग साध्या गाड्या पाठवल्या, तेव्हा कुठे विक्री सुरू झाली आणि 1983 साली कंपनीने ते कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फेडलं. आमच्याकडे आज नेमकं तेच चालतं. जाहिरातीत खालच्या मॉडेलची किंमत, शोरूममध्ये गेलं की "ती गाडी चार महिन्यांनी, ही वरची उद्या नेऊ शकता." तुमच्या विक्रीखात्याला हे लिहून दे: साधी गाडी काढाल तर ती शोरूममध्ये उभीही ठेवा.

वेळ बरी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. चार मीटरच्या आत, पेट्रोल 1200 सीसीपर्यंत. दुचाकीवर बायको-पोरांना घेऊन पावसात भिजणारी माणसं गॅरेजात येऊन विचारतात, "भाऊ, कुठली घेऊ?" माझ्याकडे मनापासून सांगण्यासारखं नाव नसतं.

आमच्या खाऱ्या वाऱ्याचंही डोक्यात ठेव. गाडी लिफ्टवर चढवली की मी आधी दाराखालचा उंबरठा बोटाने ठोकतो. चांगला पत्रा टण्ण वाजतो. गंजलेला भद्द वाजतो आणि कधी बोटच आत जातं. पाणी निचरायची भोकं लाल मातीने बुजतात, आत ओल धरते आणि चार पावसाळ्यांत पत्र्याची चाळण होते. भोकं मोठी करा, पोकळीत मेण मारा, खालच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा द्या. तीन पडदे लावण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि किनाऱ्यावरचा माणूस त्यासाठी तुमचं नाव घेईल.

शिमग्याला येतोयस ना? येताना तुमच्या छोट्या गाडीचा जो काही नमुना रस्त्यावर फिरवायची परवानगी मिळेल, तो घेऊन ये. मिठमुंबरीच्या काकांना मी सांगून ठेवलंय. त्यांच्या पाणंदीतून नेऊ, मागे पेट्या घालू, आणि गाडी काकांनाच चालवायला देऊ. तू शेजारी बस आणि लिहून घे. वहिनींना आणि पोरांना घेऊनच ये, आईने सोलं आणि कुळीथपीठ बांधून ठेवलंय.

तुझा,
बाळू