तीस फूट कशाला हवेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत परदेशातल्या छंदांवर लेख आला होता, त्यात सॅडल हंटिंगवर, म्हणजे झाडाला दोराने टांगून घेऊन करायच्या शिकारीवर, जेमतेम दोन पॅरे होते पण तेवढ्यात लेखकाने ठोकून दिलंय की झाडावर २५-३० फूट चढून बसलं की हरणाला तुमचा पत्ताच लागत नाही, जितकं उंच तितकं चांगलं. आमच्या मातोश्रींनी त्या लेखाचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, तू पण एवढा वर चढतोस का रे. मी मिशिगनमध्ये राहतो, आठ मोसम झाले धनुष्याने शिकार करतोय, त्यातले शेवटचे पाच सॅडलमध्ये. आईला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, कारण तुमचा पेपर ऑनलाइन वाचणारी आपली बरीच पोरं इकडे आहेत आणि त्यातल्या दोघांनी तर लेख वाचून मलाच विचारलं की झाडावर चढायच्या अजून दोन स्टिक मागवू का.

शिकार म्हटल्यावर ज्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या त्यांच्यासाठी एवढंच, की भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, इथे मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना आणि टॅग काढून, ठरलेल्या तारखांनाच करता येते. मिशिगनमध्ये धनुष्यवाल्यांचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो, १५ नोव्हेंबरपासून १६ दिवस बंदूकवाल्यांचे, मग डिसेंबरात परत आम्ही. पटो न पटो, वाद तो नाहीये, वाद उंचीचा आहे.

सॅडल म्हणजे खोगीरच, फक्त खाली घोडा नाही. कमरेला आणि मांड्यांना घट्ट बसणारा झोळीसारखा पट्टा असतो, त्याच्या पुढच्या बाजूला दोराचं एक कडं असतं त्याला ब्रिज म्हणतात, आणि तो ब्रिज झाडाला गुंडाळलेल्या टेदर नावाच्या दोराला अडकवायचा. मग झाडाकडे तोंड करून पायाखालच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर पाय टेकून मागे रेलायचं. मचाणावर माणूस झाडाला पाठ लावून बसतो, इथे उलटं, झाडाचा बुंधाच तुमची ढाल, हरीण डावीकडून आलं की तुम्ही उजवीकडे सरकायचं. सगळं सामान पाठीवर मावतं, म्हणून सरकारी जंगलात मैल दीड मैल चालत जाणाऱ्यांना हे फार आवडतं.

आता चढायचं कसं, तर स्टिकवरून. स्टिक म्हणजे वीसेक इंचाचा ॲल्युमिनियमचा दांडा, वर एक जोडपायरी, खाली एक जोडपायरी, पट्ट्याने किंवा दोराने बुंध्याला आवळायचा. माझ्या स्टिकमध्ये खालच्या पायरीपासून वरची पायरी १७ इंचांवर आहे आणि एका ढांगेत मी आरामात २२ इंच चढतो, थंडीचे जाड कपडे घालून हां, जिममध्ये नाही. म्हणजे एका स्टिकमागे मिळाले ३९ इंच. तीन स्टिक लावल्या तर ९ फूट ९ इंच, चार लावल्या तर बरोबर १३ फूट. इथेच नवीन माणसाचा हिरमोड होतो, चार स्टिक पाठीवर वाहून आणल्या, घाम काढला आणि खाली बघतो तर जेमतेम पहिल्या मजल्याची गॅलरी आलीय, आणि मग तो पाचवी आणि सहावी मागवतो. माझी एक स्टिक साधारण किलोभराची आहे, त्यामुळे जादा दोन म्हणजे दोन किलो वजन, वर धातूवर धातू आपटायचा खणखणाट, निव्वळ खोगीरभरती.

त्यापेक्षा स्टिकच्या तळाला एडर लावायचा. एडर म्हणजे लोंबणारी पट्ट्याची पायरी, आपली रिकीब असते ना तशी. स्टिकच्या खाली १८ इंचांवर ती लोंबते, म्हणजे स्टिक तुम्हाला १८ इंच अजून वर लावता येते कारण मधली ढांग रिकिबीत पडते. एका स्टिकमागे ३९ चे झाले ५७ इंच. आता तीनच स्टिक १४ फूट ३ इंच देतात, म्हणजे बिनएडरच्या चारांपेक्षा जास्त, आणि चार लावल्या तर १९ फूट. वजन किती वाढलं, तर मूठभर पट्ट्याचं. हे गणित एकदा कागदावर केलं की स्टिक मागवायचा नाद सुटतो, त्या दोघांचा सुटला.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो की दोन पायऱ्यांचे, तीन पायऱ्यांचे एडर मिळतात ते सगळ्या स्टिकना का नको. तर नको. दोन पायऱ्यांचा एडर फक्त सगळ्यात खालच्या स्टिकला लावा. ती स्टिक तुम्ही जमिनीवर उभं राहून बांधता, तिची वरची पायरी ७५ इंचांवर येते, म्हणजे सव्वासहा फूट, हात पोचतो, आणि पाय घसरलाच तर खाली जमीन जवळ असते. वरच्या स्टिकना तोच एडर लावायचा तर जेमतेम तळवे मावतील एवढ्या पायरीवर उभं राहून डोक्याच्या वर हात करून पट्टा आवळावा लागतो, आणि तो नीट आवळला जात नाही. स्टिक बांधली की तिला खाली जोरात ओढून बसवावी लागते, दात सालीत रुतले पाहिजेत, नाहीतर एका कडेवर वजन पडलं की ती बाजूला फिरते. हे सगळं छातीच्या उंचीवर जमतं, डोक्यावर जमत नाही. माझी स्वतःची मांडणी अशी आहे, खालच्या स्टिकला दोन पायऱ्यांचा एडर, वरच्या दोघींना एकेक पायरीचा, एकूण १५ फूट ९ इंच, त्याच्यावर फूटभर प्लॅटफॉर्म. म्हणजे पाय जवळजवळ १७ फुटांवर आणि डोळे २२ फुटांवर. एवढं पुरतं. आणि हे मी मोजलेलं आहे बरं का, धनुष्य वर ओढून घ्यायची जी सुतळीसारखी दोरी असते तिला दर पाच फुटांवर गाठ मारून ठेवलीय, वर गेलं की गाठी मोजायच्या. नुसत्या अंदाजाने सांगणाऱ्याचे वीस फूट बहुतेक वेळा चौदाच निघतात, लेखातले ३० फूट पण त्यातलेच असावेत अशी मला शंका आहे.

एडरचं एक दुखणं मात्र सांगायलाच हवं. चढताना तो डोळ्यासमोर असतो, उतरताना पायाखाली आणि अंधारात. सॅडलमधल्या माझ्या दुसऱ्या मोसमात नोव्हेंबरमध्ये असाच उतरत होतो, सूर्य मावळून पाऊण तास झाला असेल, बोटं गारठलेली, प्लॅटफॉर्मवरून वरच्या स्टिकवर आलो आणि एक पाय खाली सोडून एडर चाचपायला लागलो. वाऱ्याने तो पट्टा उडून स्टिकच्याच पायरीवर जाऊन बसला होता आणि त्याचा फास अर्धा मिटलेला. बुटाचं टोक त्यात गेलं, मला वाटलं पाय बसला, वजन टाकलं आणि पाय सुटला. कमरेभोवती लाइनमन दोर होता, विजेच्या खांबावर चढणारे वापरतात तोच, पण तो बुंध्यावरून माझ्याबरोबर सरसर खाली आला, त्याने काय थांबणार. थांबवलं टेदरने, तो मी छातीच्या वर ठेवून बरोबर खाली आणत होतो म्हणून फूटभरच घसरलो. गुडघा सालीवर सोलवटला, हेडलॅम्प खाली पडून पानांत उलटा पेटत राहिला, आणि मी तसाच झाडाला मिठी मारून दोन मिनिटं उभा. टेदर जर मी वरच काढून बॅगेत टाकला असता, आणि तोपर्यंत मी बऱ्याचदा तसं करायचो, तर हे पत्र कोणी वेगळ्याने लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी बागेच्या जुन्या पाईपचे चार चार इंचांचे तुकडे कापले आणि एडरच्या पायरीत ओवले, आता फास मिटत नाही, उघडा राहतो, बूट सरळ आत जातो. पट्टा स्टिक आणि बुंधा यांच्यामध्ये दाबून बांधला की वाऱ्याने उडत पण नाही. आणि एडरवर उभं राहताना पाय पुढे बुंध्याकडे जातो आणि धड मागे झुकतं, तेव्हा गुडघा बुंध्याला टेकवून कंबर झाडाजवळ ठेवायची, मल्लखांब केलेल्यांना हे सांगावं लागणार नाही.

टेदरबद्दल अजून थोडं. सॅडल हे पडणाऱ्याला झेलायचं साधन नाही, सतत ताणात राहायचं साधन आहे. दोर कमी ताणणारा असतो, त्यामुळे दोन फूट ढील ठेवून पडलात तर तो झटका कमरेला आणि दोराला दोघांना बसतो. म्हणून टेदर कायम वर आणि ढील जवळजवळ शून्य. त्याच्यावर सरकणारी जी गाठ असते, प्रुसिकची, कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये लोकांसमोर आणलेली, ती एका हाताने सरकते आणि वजन पडलं की आवळते, पण ती दोरावर आवळली जाते का ते घरी जमिनीलगत बघून घ्या. डायनिमा नावाच्या प्लास्टिकच्या धाग्याचा दोर हलका आणि दणकट असतो म्हणून काही जण टेदरला पण तोच वापरतात, पण तो गुळगुळीत असतो आणि १५० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतो, म्हणजे गाठ घसरली की घर्षणाने वितळायलाच लागणार. स्टिक बांधायला ठीक, जीव टांगायला नको.

एका स्टिकने चढायची पण पद्धत आहे, एडरसकट एकच स्टिक, वर जायचं, टेदरवर लटकायचं, स्टिक काढून परत वर लावायची, असं करत हवं तेवढं उंच, आणि उतरताना ३५-४० फुटी दोरावरून रॅपल, म्हणजे दोर धरून सरकत खाली. वजनाला याच्याइतकं हलकं काही नाही. मी एक मोसम करून बघितलं, वर पोचेपर्यंत आतला टीशर्ट ओला व्हायचा आणि मग तीन तास त्याच ओल्या टीशर्टात कुडकुडायचं, सोडून दिलं. ज्यांना जमतं त्यांनी करावं, फक्त दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारायला विसरू नका.

तर ३० फूट का नको. हरीण झाडापासून १० यार्डांवर म्हणजे ३० फुटांवर आहे असं धरा. बाण २० फुटांवरून सुटला तर खाली जाणारा कोन साधारण ३४ अंश, ३० फुटांवरून सुटला तर ४५ अंश. कोन जेवढा तीव्र तेवढी दोन्ही फुप्फुसांतून बाण जायची शक्यता कमी, एकच फुप्फुस लागलेलं हरीण मैलभर पळतं आणि रात्रभर मरत राहतं. मी एकदा असा माग काढलाय, पहाटेपर्यंत, पुढचं लिहीत नाही. लपण्याचं म्हणाल तर हरणाला उंचीपेक्षा हालचाल आणि आकाशावर उमटलेली आकृती दिसते, नोव्हेंबरात पानं गळाल्यावर ३० फुटांवर तुमच्यामागे नुसतं आकाश उरतं, तेच १७ फुटांवर पाठीशी दुसऱ्या झाडाच्या फांद्या असतात. आपला वास हरणापासून लपवायला उंचीचा थोडा फायदा आहे, नाही म्हणत नाही, पण संध्याकाळी हवा गार होऊन उताराने खाली वाहायला लागली की तुमचा वास पण तिच्याबरोबर खालीच जातो.

आणि खरी उंची हवी असेल तर ती स्टिकमध्ये नाही, जमिनीत शोधा. हरणांची वाट जिथे चढणीच्या खालून जाते तिथे वरच्या अंगाचं झाड धरलं तर पाच-सात फूट फुकट मिळतात. उलट हरीण जर वरच्या बाजूने येणार असेल तर १७ फूट चढून पण तुम्ही त्याच्या डोळ्यासमोरच.

झाड कुठलं हे पण बघा. मिशिगनमध्ये ॲशची झाडं एमराल्ड ॲश बोरर नावाच्या हिरव्या किड्याने मारून टाकलीत, २००२ मध्ये तो किडा पहिल्यांदा इथेच डेट्रॉइटच्या आसपास सापडला, आणि ही मेलेली झाडं सरळसोट, बिनफांद्यांची, चढायला अगदी बोलावतात. ती कधी मोडतील याचा नेम नाही, स्टिक आवळतानाच साल हातात येते. सार्वजनिक जमिनीवर झाडात स्क्रू पिळून बसवायच्या पायऱ्या चालत नाहीत, तो इथला नियमच आहे, त्यामुळे जुन्या शिकाऱ्यांनी दिल्या तरी घेऊ नका.

संपादक साहेब, पुढच्या पुरवणीत तेवढा २५-३० फुटांचा आकडा दुरुस्त कराल का. आणि आईला मी १७ फूट सांगितलंय, ते खरं आहे, गाठी मोजलेल्या आहेत.

आपला,
एक वाचक, मिशिगन