किती घेता, आणि किती वाजता?

संपादक महोदय,

बंदरावर आरोग्य शिबिर भरले की केसपेपरवर ‘दारू : हो / नाही’ एवढेच लिहिले जाते. फार तर ‘किती’. ‘किती वाजता’ हे कुणी विचारत नाही, आणि रात्रभर समुद्रावर असणाऱ्यांच्या बाबतीत तेच आधी विचारायला हवे.

यकृताला स्वतःचे घड्याळ असते. मेंदूतले मुख्य घड्याळ उजेडावर लागते, यकृताचे बरेचसे जेवणाच्या वेळेवर. रात्री जाळी ओढून पहाटे मासळी उतरवणाऱ्याची ही दोन घड्याळे आधीच एकमेकांशी जुळत नाहीत. त्यात ‘झोप लागावी’ म्हणून सकाळी क्वार्टर. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असते. यकृत तासाला ७-८ ग्रॅमच निकालात काढते. म्हणजे आठ तास. तेवढा वेळ चरबी जाळणे जवळपास बंद, कारण त्याला लागणारे ‘एनएडी’ (पेशीतला एक मदतनीस रेणू) दारू पचवण्यात अडकलेले असते. यकृताचे घड्याळही याच एनएडीच्या चढउताराशी बांधलेले. चखण्याच्या तळलेल्या मांदेलीची चरबी मग जाणार कुठे? झोपेचे म्हणाल तर पहिले दोन-तीन तास गाढ, पुढे जाग येत राहते. घड्याळ विस्कटलेल्या उंदरांना दारू दिली तर आतडे अधिक झिरपते आणि यकृताला अधिक इजा होते, हे प्रयोगांत दिसले आहे.

‘आपली बिअरच’ म्हणणाऱ्यांसाठी : ८ टक्क्यांच्या ६५० मिली स्ट्राँग बाटलीत ४१ ग्रॅम. माडीचा तर हिशेबच नाही. सकाळची गोड, संध्याकाळपर्यंत चढलेली.

‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ यावर निर्धास्त राहू नये. (एसजीपीटी आणि एसजीओटी या यकृताच्या रक्तचाचण्या.) वय ४५, एसजीओटी ७८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट दीड लाख असा रिपोर्ट घ्या. त्यावरून फिब-४ निर्देशांक काढा : वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ). प्लेटलेट हजारांत, म्हणजे १५० धरायच्या. उत्तर ३.९. हा निर्देशांक १.३ च्या खाली असेल तर धोका कमी, २.६७ च्या वर गेला तर यकृतात बरेच वाढलेले व्रण (फायब्रोसिस) असण्याची शक्यता मोठी, फायब्रोस्कॅनला (यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी) पाठवावे. सोनोग्राफीत थोडी चरबी दिसतही नाही.

दारू पूर्ण थांबवली तर साधी चरबी बहुधा दोन ते सहा आठवड्यांत उतरते. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी त्याला पुरते. दुर्दैवाने होड्या शाकारल्या की पिणे वाढते, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. शिबिरे याच काळात घ्यावीत, जून संपण्याआधी.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, एकट्याने सोडू नये. हात थरथरणे, घाम, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास किंवा झटके आले तर थेट रुग्णालय गाठावे. तिथेही सलाइन लावताना आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), मग ग्लुकोज.

– दोन वैद्यकीय अधिकारी, रत्नागिरी जिल्हा